पांढरे दात, काळी मिश्री

(स्त्री-आरोग्य कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत 'दातांच्या रंगाविषयीचे समज-गैरसमज' हा विषय वाचून काही जणींनी मला सकाळीच गाठलं. म्हणाल्या, "ताई, मारहाण आहे, पोटगी आहे, रेशन आहे, दारूचा गुत्ता आहे. एवढं सगळं समोर असताना तुम्ही दात कुठून काढलेत?" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचंच उत्तर आधी देते.

मी दातांची डॉक्टर नाही. समाजकार्याचं शिक्षण घेऊन गेली काही वर्षं वस्त्यांमधे आणि खेड्यांमधे बायकांच्या गटांबरोबर काम करते. या कामात मला दिसलं ते असं, की बाई स्वतःच्या दुखण्यासाठी दवाखान्यात उशिरा जाते आणि तोंडाच्या दुखण्यासाठी सगळ्यात उशिरा. दाढ ठणकते तेव्हा लवंग धरते, मिश्री लावते, गाल बांधून भाकरी थापते. पण त्याच घरात मुलीला बघायला पाहुणे येणार असले, की मुलीच्या दातांचा रंग हा घरादाराचा विषय होतो. दुखण्याला पैसा नाही, पण दिसण्याला काढला जातो. दाताच्या रंगापाशी लग्नाचा बाजार, प्रसाधनांचा बाजार आणि तंबाखूचं व्यसन या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणून हा विषय आपला आहे.

काळे दातही सुंदर होते

आज पांढरेशुभ्र दात म्हणजे सौंदर्य, हे आपण इतकं गृहीत धरतो की ते कायमच तसं होतं असं वाटतं. तसं नाही. आपल्याच महाराष्ट्रात सवाष्ण बायका दातवण लावून दात काळे करत. काळे दात हे सौभाग्याचं आणि देखणेपणाचं लक्षण मानलं जाई. तुमच्यापैकी कुणाच्या पणजीच्या आठवणीत हा शब्द असेल. जपानमधेही शतकानुशतकं लग्न झालेल्या आणि वरच्या घराण्यातल्या बायका दात काळे करत. १८७० साली तिथल्या सरकारने उमराव घराण्यांना ही प्रथा बंद करायला लावली, १८७३ साली सम्राज्ञीच पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली आणि मग हळूहळू काळे दात गावंढळ ठरले.

म्हणजे दात तेच, बाई तीच, फक्त सुंदर कशाला म्हणायचं ते बदललं. ते ठरवणारी मात्र दोन्ही वेळेला ती बाई नव्हती. १९९६ साली बंगळूरला मिस वर्ल्ड स्पर्धा भरली तेव्हा अनेक स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. बाईच्या शरीराचं माप कोण घेतं आणि त्यावर कोण पैसा कमावतं, हा तेव्हाचा प्रश्न होता. गोरेपणाच्या क्रीमबद्दल आपण बोललो, बारीकपणाबद्दल बोललो. दातांबद्दल बोलायचं राहिलं, कारण दात घासणं ही स्वच्छतेची गोष्ट वाटते. स्वच्छ दात आणि पांढरे दात यांत फरक आहे, आणि माझं आजचं बरंचसं बोलणं त्या फरकाविषयी आहे.

दाताचा रंग येतो कुठून

दाताला बाहेरून एक कवच असतं. डॉक्टर त्याला एनॅमल म्हणतात. आपल्या शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ. पण तो काहीसा पारदर्शक असतो. त्याच्या आतला थर, डेंटिन, मुळातच पिवळसर असतो आणि तो कवचातून दिसतो. त्यामुळे निरोगी माणसाचा दातही कागदासारखा पांढरा नसतो, हलकी पिवळट झाक असतेच. कुणाची कमी, कुणाची जास्त, जशी कातडी कुणाची उजळ, कुणाची सावळी. वय वाढतं तसं कवच झिजतं, आतला थर जास्त दिसतो आणि दात पिवळे वाटू लागतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरून येते, एनॅमल मात्र एकदा गेलं की पुन्हा येत नाही. पुढे मी जे जे सांगणार आहे ते या एका वाक्यावर उभं आहे.

दातांवरचे डाग दोन प्रकारचे. एक बाहेरून बसलेले: चहा, पान, तंबाखू, मिश्री, साचलेलं कीटण. हे साफ करता येतात. दुसरे आतले: दात हिरडीत तयार होत असतानाच बसलेले किंवा दात मेल्यामुळे आलेले. हे कितीही घासले तरी जात नाहीत. आपल्या बायका-मुलींचं नुकसान बरेचदा आतला डाग बाहेरून घासल्यामुळे होतं.

काही समज, एकेक करून

पहिला समज: जेवढं खरखरीत, तेवढं चांगलं. राखुंडी, कोळसा, जाडं मीठ, विटकरीची भुकटी, गेरूचं लाल मंजन यांनी दात घासल्यावर ते लखलखीत वाटतात, कारण वरचा थर खरवडला जातो. तवा विटकरीने घासला की चकाकतो तसंच हे. पण तव्याचं लोखंड जाड असतं आणि तवा झिजला तर नवा आणता येतो. रोज खरवडून कवच पातळ होतं, आतला पिवळा थर अधिक दिसू लागतो. म्हणजे पांढरे करायला निघालो आणि दात आणखी पिवळे झाले. वर गार पाणी प्यालं तरी दात शिवशिवतात. आता हाच कोळसा शहरात काळ्या टूथपेस्टच्या रूपाने महाग होऊन परत आला आहे. 'आजीचा कोळसा' म्हणून त्याची जाहिरात होते. २०१७ साली अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात कोळशाच्या मंजनांवरच्या अभ्यासांचा आढावा आला. ही मंजनं सुरक्षित आहेत किंवा त्यांनी दात पांढरे होतात, असं म्हणायला पुरेसा आधार नाही, हा त्याचा निष्कर्ष.

दुसरा समज: लिंबू लावलं की दात उजळतात. लिंबाचा रस फार आंबट, म्हणजे आम्ल. आम्लाने दाताचं कवच विरघळतं. लिंबू-मीठ लावून घासणं म्हणजे आधी कवच मऊ करायचं आणि मग मऊ झालेलं खरवडून काढायचं. लिंबू खा, सरबत प्या, त्याने बिघडत नाही. ते दातांवर चोळू नका. खाण्याचा सोडा लिंबाइतका वाईट नाही. तो बारीक आणि मऊ असतो, वरचे डाग थोडे निघतात. आतला रंग त्याने बदलत नाही. याच कारणासाठी गरोदरपणात ओकाऱ्या होणाऱ्या बायांना एक सूचना देत चला. ओकारीत पोटातलं आम्ल तोंडात येतं, तेव्हा लगेच ब्रश करू नये. आधी साध्या पाण्याने खळखळून चुळा भराव्यात आणि अर्ध्या तासाने दात घासावेत.

तिसरा समज: 'व्हाइटनिंग' लिहिलेली पेस्ट दातांचा रंग बदलते. यातल्या बहुतेक पेस्ट वरचे डाग थोडे जास्त घासून काढतात, एवढंच. काहींत निळसर रंगद्रव्य असतं. पांढऱ्या कपड्याला नीळ दिली की तो अधिक पांढरा भासतो, तशी ही युक्ती. कपडा काही नवा होत नाही. साधी फ्लोराइडची पेस्ट आणि मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, रात्री झोपताना नक्की. निरोगी दातांसाठी रोजचं एवढं पुरेसं आहे.

चौथा समज फार पसरलेला आणि फार नुकसान करणारा: दवाखान्यात दात साफ करून घेतले की दात हलतात, फटी पडतात. यात बायांना दिसतं ते खोटं नसतं, त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. वर्षानुवर्षं साचलेलं कीटण दगडासारखं घट्ट होऊन दातांच्या मधे आणि हिरडीखाली बसतं. त्याच्यामुळे हिरडी सुजते, रक्त येतं, आतलं हाड खाली जातं. दात तेव्हाच सैल झालेला असतो, कीटणाच्या गिलाव्याने तो नुसता धरून ठेवलेला असतो. गिलावा काढला की आतली पडझड दिसते. सफाईने ती केलेली नसते. उलट सफाई टाळत गेल्याने पुढे दात गळतात. दात हलण्याची वाट न पाहता आधीच सफाई करून घेतली, तर ही वेळ येत नाही.

पाचवा समज: लोहाच्या गोळ्यांनी दात काळे पडतात. रक्तपांढरी झालेल्या बाया या भीतीने गोळ्या फेकून देतात, म्हणून मुद्दाम सांगते. गोळी पाण्याबरोबर गिळली की तिचा दाताशी संबंध येत नाही. शौचाला काळं होतं, ते साहजिक आहे, घाबरू नये. लहान मुलांना देतात त्या लोहाच्या पातळ औषधाने दातांवर काळपट डाग येऊ शकतात, पण ते वरवरचे असतात आणि साफ होतात. औषध दिल्यावर पाणी पाजावं, तोंड पुसावं. मात्र टेट्रासायक्लिन या जातीची औषधं गरोदर बाईला उत्तरार्धात किंवा आठ वर्षांखालच्या मुलाला दिली, तर मुलाच्या दातांवर कायमचे पिवळे-करडे पट्टे येऊ शकतात. म्हणून गोळ्या लिहून घेताना आपण गरोदर आहोत हे डॉक्टरला आवर्जून सांगायचं.

ब्लीचबद्दल दोन टोकं

दात पांढरे करण्याची जी खरी वैद्यकीय पद्धत आहे, तिच्याबद्दल आपल्याकडे दोन टोकाचे समज आहेत. एक, की एकदा केलं की जन्मभराचं काम झालं. दुसरा, की त्याने दात कुजून पडतात. दोन्ही खरे नाहीत.

यात हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बमाइड पेरॉक्साइड हे रसायन वापरतात. ते कवचातून आत झिरपतं आणि रंग देणारे घटक मोडतं. दाताच्या मापाचा साचा करून त्यात हे जेल भरून घरी लावायची पद्धत १९८९ साली पुढे आली. दंतवैद्याच्या देखरेखीखाली, ठरलेल्या प्रमाणात केलं तर ते बहुतेकांना सोसतं. पुष्कळांचे दात काही दिवस शिवशिवतात, हिरडीला लागलं तर जळजळते, आणि सहसा हा त्रास आपोआप थांबतो. रंगाचा उजळपणा कायम टिकत नाही. काही महिन्यांनी, फार तर काही वर्षांनी तो उतरतो, आणि चहा-तंबाखू चालू असेल तर लवकर उतरतो. सिमेंट भरलेल्या दाताचा किंवा कॅपचा रंग याने बदलत नाही, त्यामुळे शेजारचे दात उजळले की तो एक दात वेगळा दिसू लागतो. दात किडलेला असेल, हिरडी सुजलेली असेल तर आधी त्याचा इलाज करायचा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने हे पुढे ढकलावं.

धोका येतो तो प्रमाणाचा. तेच रसायन जोरकस असेल आणि हिरडी न झाकता लावलं, तर हिरडी भाजते. युरोपीय संघाने २०११ साली नियम केला, की ०.१ टक्क्याहून जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली साधनं फक्त दंतवैद्यालाच विकायची, पहिला वापर त्याच्या देखरेखीखाली करायचा आणि अठरा वर्षांखालच्यांवर वापरायची नाहीत. आपल्याकडे ब्युटी पार्लरच्या फलकावर भुवया, फेशियल आणि त्याखाली 'टीथ व्हाइटनिंग' अशी ओळ दिसू लागली आहे. पार्लर चालवणारी बाई आपल्यातलीच, कष्टाने पोट भरणारी असते. तिच्याशी भांडण नाही. पण दाताचा इलाज करायला कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. तेव्हा कुणीही तुमच्या दाताला रसायन लावणार असेल तर विचारा: यात काय आहे, किती टक्के आहे, आणि तुमचा नोंदणी क्रमांक काय? विचारायला लाजू नका. पैसे आपले आणि दातही आपले.

मिश्री: घरातलीच तंबाखू

आता मी ज्यासाठी खरी उभी राहिले त्याकडे येते. काही भागात मिश्री म्हणतात, काही ठिकाणी मशेरी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना, हिरडीला चोळायची. या सभागृहात लावणाऱ्या आहेत. मी कुणालाही हात वर करायला सांगणार नाही.

मिश्री बाईच्या आयुष्यात दातांची स्वच्छता म्हणून शिरते. आई लावते, सासू लावते, दाढ दुखते म्हणून एकदा बोटभर लावली जाते. मग सकाळी लावल्याशिवाय परसाकडला होत नाही. मग दुपारी कामावरून आल्यावर, मग रात्री. 'दात घट्ट होतात, कीड मरते, दात स्वच्छ राहतात' असं आपण एकमेकींना सांगतो. दात दुखायचा थांबल्यासारखा वाटतो हे खरं, कारण निकोटिनने थोडी बधिरता येते. आत कीड चालूच असते. आणि मिश्री दात स्वच्छ करत नाही, काळे करते. हिरडीही खाली सरकते.

एका गटाच्या बैठकीत एक बाई म्हणाली, "ताई, मिश्री लावली की भूक लागत नाही. सकाळचं सगळं काम उरकेपर्यंत तेवढंच बरं पडतं." तिच्या या बोलण्यात सगळं आलं. निकोटिनने भूक मरते. घरात शेवटी जेवणारी, उरलंसुरलं खाणारी बाई मिश्रीवर दिवस ढकलते. तिला नुसतं 'व्यसन सोड' म्हणून चालणार नाही. तिची भूक, तिचा थकवा, तिला पाच मिनिटं एकटीने बसायला दुसरं निमित्त नाही, हे सगळं आपल्याला समजून घ्यावं लागेल. पुरुष पानटपरीवर चारचौघांत उभा राहतो. बाई मागच्या दारी मिश्री लावत बसते, आणि तो तिचा दिवसातला एकमेव विसावा असतो.

पण समजून घेणं म्हणजे गप्प बसणं नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १७ टक्के बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूररहित तंबाखू माणसात कर्करोग करते असं निःसंदिग्धपणे नोंदवलं आहे. मुंबईत १२१७ गर्भवतींवर झालेला एक अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे छापून आला. त्यातल्या तंबाखू घेणाऱ्या बायका मुख्यतः मिश्रीच लावत होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि बाळंतपणही सरासरी सहा दिवस आधी झालं. मुळातच अशक्त आईच्या बाळाला हे १०५ ग्रॅम किती महाग पडतात ते आपल्या दाई-ताईंना विचारा.

सरकारने १९९२ सालीच तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनं बनवण्या-विकण्यावर औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायद्याखाली बंदी घातली. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या यादीत तंबाखूयुक्त दंतमंजन हा तंबाखूचाच पदार्थ म्हणून धरला आहे. पण तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कुठला कायदा अडवणार? २०१२ साली राज्यात गुटखाबंदी आली, तेव्हा फलक लागले, भाषणं झाली. ती चर्चा बहुतेक पुरुषांच्या व्यसनाची होती. बायकांची मिश्री कुणाच्या डोळ्यांवर आली नाही, कारण ती चार भिंतींच्या आत आहे आणि तिला दात घासणं म्हणतात.

म्हणून मी म्हणते, पांढऱ्या दातांची काळजी नंतर करू, आधी तोंडातला पांढरा चट्टा शोधू. गालाच्या आत, हिरडीवर, जिभेच्या कडेला पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम, तोंड पुरेसं न उघडणं, तिखट न सोसणं: यातलं काहीही असेल तर लगेच दाखवायचं. असा प्रत्येक चट्टा कर्करोगाचा नसतो. पण वेळीच पाहिला तर पुष्कळ काही करता येतं. सरकारी आरोग्य कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या बाई-पुरुषांची तोंडाची, स्तनाची आणि बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी फुकट करायची तरतूद आहे. आशाताईकडे त्याचा तक्ता असतो. तो कागदावरच भरला जातो की खरोखर तोंड उघडून बघितलं जातं, हे आपण विचारायला हवं.

पाण्याने रंगलेले दात

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणी, दात तयार होत असताना, साधारण आठ वर्षांच्या वयापर्यंत असं पाणी पोटात गेलं की पक्के दात खडूसारखे पांढरे ठिपके किंवा पिवळे-तपकिरी पट्टे घेऊनच उगवतात. हे घाणीने झालेलं नसतं. ही मुलं दात घासत नाहीत म्हणून झालेलं नसतं. गावच्या नळाने आणि हापशाने दिलेला तो डाग आहे.

अशा गावातली एक मुलगी आमच्या शिबिरात तोंडावर ओढणी धरूनच बोलायची. दोनदा पाहुणे येऊन गेले होते. "दात चांगले नाहीत," असा निरोप आला. मग ती लिंबू आणि विटकर घेऊन रोज दात घासत बसली. डाग तसाच राहिला, वर गार-गरम काही खाता येईना. तिच्या भावाचेही दात तसेच होते. त्याचं लग्न ठरलं, त्याच्या दातांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

दात दोघांचे एकाच पाण्याने रंगले, पण डाग मोजला गेला मुलीचाच. मंगळसूत्राआधी मुलीला हसायला लावून दात बघायचे, चालायला लावून पाय बघायचे, ही बैलबाजारातली रीत आहे. तिथेही जनावराचे दातच बघतात.

सौम्य डाग दंतवैद्य वरवर घासून किंवा ब्लीच करून फिके करू शकतो. गडद डागांवर आवरण बसवावं लागतं, आणि त्याचा खर्च गरिबाला झेपत नाही. ज्या मुलीला ते करून घ्यायचं असेल तिने जरूर करून घ्यावं. तिला आपण शहाणपण शिकवायला जाऊ नये. पण गावाचा खरा इलाज पाण्यात आहे. भारतीय मानकाप्रमाणे एका लिटर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत विकसित केली, तीही कित्येक दशकांपूर्वी. २००८-०९ पासून राष्ट्रीय फ्लोरोसिस नियंत्रण कार्यक्रमही आहे. तेव्हा ग्रामसभेत उभं राहून विचारा: आमच्या पाण्याचा तपासणी अहवाल कुठे आहे? हे पाणी नुसते दात रंगवत नाही. वर्षानुवर्षं प्यालं तर सांधे आखडतात, पाठ वाकते. मुलांच्या दातांवरचा डाग ही पाण्याने दिलेली पहिली चिठ्ठी आहे.

आपण काय करू शकतो

मोठं काही सांगत नाही. परत गेल्यावर जमेल असं चार ओळींत सांगते.

एक, गटाच्या पुढच्या बैठकीत आरसा आणि बॅटरी न्या. स्वतःचं तोंड आतून कसं पाहायचं ते एकमेकींना दाखवा. चट्टा दिसला तर तिला एकटीला पाठवू नका, ग्रामीण रुग्णालयात बरोबर जा. बाई एकटी गेली तर बसचं भाडं आणि घरचं काम मधे येतं.

दोन, मिश्री सोडायची ठरवणाऱ्यांचा जोडगट करा. एकटीने सुटत नाही. सुरुवातीचे दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, शौचाला होत नाही. हे पुढे कमी होतं, हे आधीच सांगून ठेवा. सकाळी कोमट पाणी आणि पोटभर न्याहारी. ही न्याहारी तिला घरात मिळेल यासाठी घरच्यांशी बोलणं, हेही आपलंच काम. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारी फुकट दूरध्वनी सेवा आहे. तो आकडा गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहा. आणि नव्या सुनेला, लहान मुलीला पहिली चिमूट देणार नाही, एवढं तरी मिश्री न सुटलेल्या बाईनेही ठरवावं.

तीन, ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्याचं पद आहे का, भरलेलं आहे का, खुर्ची चालू आहे का, हे लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच.

चार, आपल्या घरी मुलगी बघायला येतील तेव्हा दातांचा, रंगाचा, उंचीचा विषय निघाला तर तो तिथेच थांबवा. आणि आपण मुलासाठी मुलगी बघायला जाऊ तेव्हाही. हे दुसरं जास्त अवघड आहे, हे मला ठाऊक आहे.

दात कशासाठी असतात? भाकरी चावायला, नीट बोलायला, आणि मोकळं हसायला. या तिन्ही गोष्टी बाईने जपून, मोजून, तोंडाला पदर लावून करायच्या असं आपल्याला शिकवलं गेलं. रंग कसाही असो, दुखत नसलेले, हलत नसलेले दात आणि चट्टा नसलेलं तोंड प्रत्येक बाईला मिळालं पाहिजे. त्यासाठी भांडायची वेळ आली तर भांडू. आपला आवाज तोंडातूनच निघतो, तेव्हा तोंडाची काळजी घेणं हे चळवळीचंच काम आहे.

आता तुमचे प्रश्न येऊ द्यात.